खांद्याचा एमआरआय : चिठ्ठीवर काय लिहावे?

झाडावरून पडल्यावर किंवा ओझे उचलताना खांद्यात कळ येते, हात वर जात नाही, आणि डॉक्टर एमआरआय काढायला सांगतात. पुष्कळांना वाटते, यंत्रच सारे सांगेल. पण रिपोर्ट म्हणजे विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर. चिठ्ठीवर नुसते 'उजवा खांदा दुखतो' एवढेच असेल, तर उत्तरही मोघमच येते.

स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीला कंडरा म्हणतात. खांद्याभोवतीच्या चार कंडरा दंडाच्या हाडाचा गोल माथा खोबणीत धरून ठेवतात. त्यांपैकी वरची कंडरा सर्वांत अधिक फाटते.

'कंडरा फाटली आहे' एवढ्याने हाडांच्या सर्जनचे काम भागत नाही. रिपोर्टात त्यांना मुख्यतः चार गोष्टी हव्या असतात :

(१) कोणती कंडरा? आरपार फाटली की अर्धवट?

(२) फाट किती सेंटिमीटर? पाचाहून अधिक असल्यास ती फार मोठी समजतात.

(३) तुटलेले टोक किती मागे सरकले? फार मागे गेल्यास ते ओढून हाडाला शिवणे कठीण.

(४) स्नायूत चरबी किती भरली? फ्रान्समधील डॉ. गुतालिये व सहकाऱ्यांनी १९९४ साली याच्या ० ते ४ अशा पायऱ्या सांगितल्या. तिसऱ्या पायरीवर स्नायू व चरबी निम्मे-निम्मे असतात. अशा वेळी कंडरा शिवली, तरी पूर्वीचे बळ सहसा परत येत नाही.

आणखी एक गोष्ट. साठीनंतर पुष्कळांच्या कंडरा झिजून फाटलेल्या असतात, पण त्यांना काही दुखत नाही. म्हणून चित्रात दिसलेली फाट नवी की जुनी, दुखणे तिचेच की दुसऱ्या कशाचे, हे ठरविण्यास तुमची हकीकत हवी.

तेव्हा चिठ्ठी घेताना डॉक्टरांना सांगा आणि तिच्यावर लिहून घ्या : वय, कामधंदा, कामाचा हात कोणता, दुखापत कधी व कशी झाली, हात कुठवर उचलतो, त्या खांद्यावर पूर्वी शस्त्रक्रिया झाली आहे काय, आणि डॉक्टरांना शंका कशाची आहे. जुने एक्स-रे सोबत न्या. शरीरात पेसमेकर किंवा धातूचा तुकडा असल्यास तपासणीआधीच सांगा. सर्जनकडे जाताना रिपोर्टाबरोबर फिल्म किंवा सीडीही न्या. चित्रे ते स्वतः पाहतात.

पडल्यावर हात उचलेनासा झाला, तर तेल चोळण्यात महिने घालवू नका. तेवढ्या काळात कंडरा मागे सरकते, स्नायू सुकतो, आणि शिवता येण्याजोगी फाट हातची जाते.