ड्रॉइंगपासून ताळेबंदापर्यंत

मॅनेजमेंट म्हणजे कॉमर्सवाल्यांचा प्रांत, असं मानणाऱ्या इंजिनिअरांनो, या विद्येचा पाया तुमच्याच बिरादरीने घातलाय! १९११ साली शास्त्रीय व्यवस्थापनावर पुस्तक लिहिणारे फ्रेडरिक टेलर मेकॅनिकल इंजिनिअर. व्यवस्थापनाची १४ तत्त्वं मांडणारे हेन्री फेयोल खाण अभियंता. हिंजवडीत आज ज्या गँट चार्टवर प्रोजेक्टच्या तारखा ठरतात, तो ज्यांच्या नावाचा, ते हेन्री गँटही मेकॅनिकलचेच.

अमेरिकेतल्या एमआयटीने १९१४ मध्येच इंजिनिअरिंगला व्यवसायशिक्षणाची जोड देणारा अभ्यासक्रम काढला. पुढे त्यातूनच तिथलं स्लोन स्कूल घडलं. याच एमआयटीतून शंतनुराव किर्लोस्कर १९२६ साली मेकॅनिकल इंजिनिअर झाले. त्यांच्या ऑइल इंजिनांनी नंतर खडकीचं नाव देशभर नेलं.

पुण्याचा हिशेब तर भारीच. सीओईपीची सुरुवात १८५४ची आणि विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग, म्हणजे आपलं ‘पुंबा’, १९७१चं. मध्ये तब्बल ११७ वर्षं! टाटांनी मात्र विद्यापीठाची वाट पाहिली नाही. मंगलदास रोडवर त्यांचं स्वतःचं व्यवस्थापन प्रशिक्षण केंद्र १९६६ पासून आहे. १९७८ साली सिंबायोसिसची एसआयबीएम आली. सिंबायोसिसचे संस्थापक शां. ब. मुजुमदार हे मुळात फर्ग्युसनमधले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. सिंबायोसिसचीच नाशिकची ‘सिऑम’ २००५ पासून ऑपरेशन्सचं एमबीए शिकवते, आणि तिथे प्रवेश फक्त इंजिनिअरांना.

एमबीएला इंजिनिअर गणिताला घाबरत नाही. त्याला नवी वाटते ती पैशाची चाल. स्टोअरमध्ये माल भरलेला असला की प्रॉडक्शनवाला निर्धास्त असतो. फायनान्सवाल्याला मात्र तिथे अडकलेलं भांडवल दिसतं. दोघांचंही खरं असतं. कच्च्या मालाचे पैसे ३० दिवसांत चुकवायचे आणि गिऱ्हाइकाचे ९० दिवसांनी यायचे, तर कागदावर नफा दाखवणारी कंपनीसुद्धा पगाराच्या दिवशी अडते. भोसरीतल्या कुठल्याही छोट्या कारखानदाराला विचारा. माझ्या मते, प्रत्येक इंजिनिअरला हे शिकवायलाच हवं, मग तो एमबीए करो वा न करो.

तेव्हा कोर्सची फी भरण्याआधी एक काम करा. आपल्या क्षेत्रातल्या एखाद्या लिस्टेड कंपनीचा वार्षिक अहवाल तिच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या, फुकट मिळतो. त्यातला रोख प्रवाहाचा तक्ता वाचायला बसा. वाचता वाचता रात्र कधी झाली ते कळलं नाही, तर खुशाल प्रवेश घ्या.