विळ्याच्या धारेतलं रसायन



पेरणीचे दिवस जवळ आले की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात लोहाराचा भाता दिवसभर चालतो. वखराची पास, विळे, कुऱ्हाडी पाजवायला गर्दी होते. मिश्रधातू शिकवताना एका मुलाने मला विचारलं, "सर, सळईचा विळा लवकर बोथट होतो, ट्रकच्या पाट्याचा होत नाही. दोन्ही लोखंडच ना?" पोलाद म्हणजे लोखंड आणि कार्बन, असं एका ओळीत सांगून आपण मोकळे होतो. पण त्याचा प्रश्न त्यापुढचा होता.

बांधकामाच्या सळईत कार्बन 0.2 टक्क्यांच्या आसपास असतो, तर पाट्यात अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त. फरक एवढासाच. मग धार कुठून येते?

थंड लोखंडात कार्बन जवळजवळ विरघळतच नाही. लालभडक तापवलं की विरघळतो. हळूहळू थंड होताना, साधारण 727 अंश सेल्सिअसच्या खाली, तो बाहेर पडू लागतो आणि लोखंडाशी संयोग पावतो. लोखंडाचे तीन अणू आणि कार्बनचा एक, असं हे लोहकार्बाइड. त्यालाच सिमेंटाइट म्हणतात. ते अतिशय कठीण, पण ठिसूळ असतं. उरलेलं मऊ लोखंड म्हणजे फेराइट. या दोघांचे पातळ थर एकाआड एक बसतात. शिंपल्याच्या आतल्या भागासारखी चमक दिसते म्हणून या रचनेला पर्लाइट हे नाव मिळालं. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी 1860 च्या दशकात पोलाद घासून, आम्लाने खोदून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तेव्हापासून पोलादाची आतली रचना उलगडू लागली.

मग लोहार पाण्यात बुडवतो ते कशासाठी? एकदम थंड केल्यावर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आतच अडकतो आणि मार्टेनसाइट नावाची फार कठीण रचना तयार होते. पण असा विळा दगडावर आपटला तर काचेसारखा तुटतो, तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. म्हणून जाणकार लोहार फक्त धार बुडवतो आणि मागच्या भागातली उष्णता धारेकडे येऊ देतो. पिवळसर, मग तांबूस, मग निळा असे रंग सरकतात. हवा तो रंग आला की पुन्हा पाणी. या वेळात अडकलेला थोडा कार्बन कार्बाइडच्या बारीक कणांच्या रूपाने बाहेर येतो. कठीणपणा थोडा कमी होतो, पण चिवटपणा येतो.

हे सुईवर दाखवता येतं. मोठ्यांनी, चष्मा लावून, पकडीत धरूनच करावं. एक सुई लाल करून हळूहळू थंड होऊ द्या, ती वाकते. दुसरी लाल करून लगेच पाण्यात टाका. वाकवायला गेलं की मोडते. तिसरीलाही तसंच पाणी द्या, घासून चकचकीत करा आणि निळी होईपर्यंत हलकेच तापवा. ती लवते आणि परत सरळ होते. तिन्ही सुयांत कार्बन तेवढाच, फक्त त्याची जागा बदलली.

नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंडला उत्खननात लोखंड गाळण्याची अडीच हजार वर्षांहून जुनी भट्टी सापडली आहे. म्हणजे ही विद्या विदर्भाची जुनीच.

प्रश्न विचारणारा तो मुलगा लोहाराच्याच घरचा. वडिलांचं काम वर्गात सांगायला तो लाजायचा. सुया मोडून झाल्यावर रंगांचा क्रम फळ्यावर त्यानेच लिहिला, माझ्याआधी.