वासरू तासाभरात उभं, बाळाला मात्र वर्ष!

गाय व्यायलेली कधी पाहिली आहे का तुम्ही? नायगाव तालुक्यात राहणाऱ्या मुलांना हे विचारायलाच नको. आपल्याच जिल्ह्यातल्या कंधारच्या नावानं लाल कंधारी गाय ओळखली जाते, आणि कुणाच्या ना कुणाच्या आखाड्यावर तिचं तांबडंलाल वासरू दिसतंच. आता वासरू जन्मल्यावर काय करतं ते आठवा. गाय त्याला चाटून चाटून कोरडं करते. मग ते आधी मागचे पाय ताठ करतं, पुढचे गुडघे जमिनीवरच असतात. तसंच डुलत राहतं, तोंडावर आपटतं, परत उठतं. साधारण तासाभरात चारही पायांवर उभं राहून आईचं आचळ शोधायला लागतं!

आणि तुमची धाकटी बहीण? तिला नुसती मान सावरायला तीन-चार महिने लागले. मग ती पालथी पडायला लागली, बसायला लागली, रांगायला लागली. भिंतीला, खाटेला, आजीच्या लुगड्याला धरून उभी राहायला लागली. आणि आपल्या पायांवर चालायला वर्ष उलटलं. म्हणजे वासरू हुशार आणि माणसाचं बाळ आळशी, असं आहे का?

मुळीच नाही. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात मार्टिन गारविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २४ प्रकारचे सस्तन प्राणी घेतले आणि कोण कधी चालायला लागतं ते एकमेकांशी ताडून पाहिलं. त्यांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी एक नामी युक्ती केली. दिवस मोजायला सुरुवात जन्मापासून न करता पिल्लू आईच्या पोटात वाढायला लागलं तिथपासून केली. मग सगळे प्राणी जणू एका रांगेत उभे राहिले. मोठेपणी ज्याचा मेंदू जितका जड, त्याला चालायला तितका जास्त वेळ! टाच जमिनीला टेकवून उभं राहता येतं की नाही, यानंही थोडा फरक पडतो. माणूस दोन पायांवर चालतो म्हणून त्याला वेगळा नियम लागेल असं वाटत होतं, पण तोही त्याच रांगेत बसला.

आता हिशोब करा. गाय आणि आई, दोघींच्या पोटात बाळ साधारण नऊ महिनेच असतं, गाईचे काही दिवस जास्त. पण माणसाचा मेंदू गाईच्या मेंदूच्या जवळजवळ तिप्पट असतो. एवढा मोठा मेंदू पोटातच पुरता वाढवून बाळाला बाहेर काढणं कुठल्याच आईला जमणार नाही. म्हणून उरलेली वाढ बाहेर होते. पहिल्या वर्षभरात बाळाचा मेंदू दुपटीहून जास्त वाढतो. वासरू जन्मतं तेव्हा त्याची बरीचशी तयारी झालेली असते. बाळाची तयारी तुमच्या डोळ्यांदेखत चालू असते.

टाचेचं म्हटलं तर गोठ्यात जाऊन एक बघा. गाईच्या मागच्या पायात मध्येच एक सांधा मागच्या बाजूला वळलेला दिसतो. पुष्कळ जण त्याला गुडघा समजतात. ती गाईची टाच आहे! गाय सारा जन्म बोटांच्या टोकांवर उभी असते, आणि तिचा खूर म्हणजे नख. आपण मात्र अख्खं पाऊल टेकवतो.

आणखी एक नवल ऐका. चार-पाच दिवसांच्या बाळाला काखेत धरून पाय जमिनीला लावले, तर ते चालल्यासारखी पावलं टाकतं. मान धरत नाही, पण पाऊल टाकतं! दोनेक महिन्यांनी हे बंद होतं. का? मेंदू वाढला म्हणून ही सवय विरून जाते, असं पूर्वी बरेच शास्त्रज्ञ मानत. अमेरिकेतल्या एस्थर थेलन यांना ते पटेना. त्यांना वाटलं, बाळ अंग धरतंय, मांड्या गुबगुबीत होतायत, पाय जड झालेत आणि ताकद अजून आलेली नाही. मग त्यांनी पावलं टाकणं कमी झालेल्या बाळांना छातीपर्यंत कोमट पाण्यात उभं धरलं. पाण्यात पाय हलके झाले आणि बाळं पुन्हा पावलं टाकू लागली! उलट, पावलं टाकणाऱ्या बाळांच्या पायांना छोटी वजनं बांधली तर पावलं कमी झाली. १९८४ मध्ये त्यांनी हे जगापुढे मांडलं. मला हा प्रयोग फार आवडतो. एक टब, थोडं पाणी, आणि एका जुन्या समजुतीचा निकाल!

म्हणजे चालायला नुसता मेंदू पुरत नाही. पायात बळ हवं, कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या बारीक नळ्या असतात त्यांची मेंदूशी गाठ पडायला हवी, आणि भलंमोठं डोकं सावरता यायला हवं. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या उंचीचा चौथा हिस्सा नुसतं डोकंच असतं. तुमचं तसं असतं तर तुम्हीही धडपडला असता!

नव्यानं चालणाऱ्या बाळाकडे खाली बसून नीट बघा. पाय फाकलेले, पोट पुढे, आणि दोन्ही हात खांद्यापर्यंत वर उचललेले, दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची मुलगी काठी धरते तसे. टाच आधी न टेकता सगळं पाऊल एकदम थप्पकन पडतं. वळायचं असेल तर ते आधी थांबतं, मग आख्खं अंग फिरवतं. दोन पावलं झाली की धप्पकन बसकण! इकडेतिकडे बघतं, कुणी घाबरून ओरडलं नाही तर रडतही नाही, हात टेकून उठतं, की निघालं पुन्हा.

किती वेळा पडत असेल? न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अॅडॉल्फ यांनी बाळांना खेळू दिलं आणि मोजदाद केली. २०१२ मध्ये आलेले आकडे असे: १२ ते १९ महिन्यांची बाळं तासाभरात सरासरी २,३६८ पावलं टाकतात, सुमारे ७०० मीटर चालतात आणि १७ वेळा पडतात. एका तासात! आणि हे काही सरळ रस्त्यानं चालणं नसतं. एक ते तीन पावलं टाकायची आणि थांबायचं, असं बऱ्याचदा. पण मग छान रांगता येत असताना बाळ या भानगडीत पडतंच कशाला? अॅडॉल्फ यांना तेही सापडलं. चालणारं बाळ रांगणाऱ्यापेक्षा जास्त हिंडतं, जास्त लांब जातं. जितकं हिंडतं त्या मानानं पाहिलं तर त्याचं पडणं काही जास्त नसतं. वर हात मोकळे राहतात ते वेगळंच.

आता घरातल्या काळजीकडे वळू. तुम्ही हे नक्की ऐकलं असेल. "कामून चालंना गेलं गं लेकरू? शेजारचं तर दहाव्या महिन्यातच पळूलालं होतं!" आजी असं म्हणाली की आईचा चेहरा उतरतो. मग एक जण म्हणतं, सारखं कडेवर घेतलं म्हणून. दुसरं म्हणतं, पायाला तेल कमी पडलं. आईला असा बोल लावणं मला अजिबात पटत नाही, कारण चालण्याचा काळ मुळातच खूप लांबलचक आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनं भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या ८१६ निरोगी बाळांची नोंद ठेवली. आपल्याकडची बाळं दिल्लीची होती. २००६ मध्ये निकाल आला. कुणी ८ महिन्यांचं होताच कशाचाही आधार न घेता चाललं, तर कुणी साडेसतरा महिन्यांचं झाल्यावर. सगळी धडधाकट! शंभरातली चार बाळं तर गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. काही बाळं बुडावर सरकत सरकत घरभर फिरतात आणि ती बहुधा उशिराच चालतात. अशा घरात आजोबांना विचारून बघा, कदाचित तेही तसेच सरकत असतील.

त्याच्याही कितीतरी आधी, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी १ ते ३० महिन्यांच्या भारतीय बाळांची वाढ तपासली होती. त्यांचा अहवाल १९७० चा. परदेशी बाळांची मापं आपल्या लेकरांना लावण्यापेक्षा आपल्या बाळांवरूनच मापं ठरवायची, हे केवढं मोलाचं काम! त्यावरून तयार झालेली चाचणी आपल्या देशात आजही डॉक्टर वापरतात.

लवकर चालणारं मूल पुढे जास्त हुशार निघतं का? स्वित्झर्लंडमध्ये २२२ मुलांचा ती मोठी होईपर्यंत मागोवा घेतला. त्यातलं कुणी साडेआठ महिन्यांनी चाललं होतं, कुणी २० महिन्यांनी. शाळेच्या वयात त्यांची बुद्धी आणि अंगातली चपळाई तपासली, तर त्याचा आधी-उशिरा चालण्याशी काही संबंध दिसला नाही. हे २०१३ मध्ये छापून आलं. तेव्हा शेजारच्या बाळाशी शर्यत लावण्यात काही अर्थ नाही.

जागेचाही थोडा हात असतो. कापूस वेचायला गेलेली आई बांधावरच्या लिंबाला झोळी बांधते. तिथे काटे, विंचू, ऊन, सगळंच असतं. मग बाळ झोळीतच बरं. ताजिकिस्तानात तर बाळांना लाकडी पाळण्यात कित्येक तास बांधून निजवतात. तिथली बाळं जरा उशिरा चालतात, पण मोठी झाल्यावर सगळ्यांसारखीच हुंदडतात. तरी संध्याकाळी घरी आल्यावर बाळाला जमिनीवर मोकळं सोडायला हवं, कारण सराव जमिनीवरच होतो. पाय अनवाणी असू द्या, बोटांना जमीन कळते.

आणि बाजारातला तो गोल, मध्ये बसायचा, चाकांचा वॉकर? तो आणू नका, असं घरी ठामपणे सांगा. त्यात बाळ लोंबकळत पायाच्या बोटांनी ढकलत राहतं, तोल शिकतच नाही, आणि पायऱ्यांवरून कोसळू शकतं. कॅनडानं २००४ मध्ये त्याच्यावर बंदीच घातली. आपला लाकडी पांगुळगाडा निराळा. तो उभं राहून धरायचा आणि ढकलायचा, म्हणजे अंगाचा भार बाळाच्या स्वतःच्या पायांवर राहतो. फक्त कुणीतरी सोबत हवं.

मात्र काळजी कधीच करायची नाही, असंही नाही. दीड वर्ष झालं आणि बाळ एकटं चालत नाही, तर डॉक्टरांना दाखवायचंच. त्याआधीही काही गोष्टी दिसल्या तर थांबू नये. एकच हात किंवा एकच पाय वापरणं, अंग फार ढिलं किंवा फार ताठ असणं, सारखं चवड्यांवरच उभं राहणं, किंवा येत असलेली गोष्ट अचानक येईनाशी होणं. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाचं वय मात्र ठरलेल्या तारखेपासून मोजतात, म्हणजे उगाच भीती वाटत नाही. नायगावसारख्या ठिकाणी आधी अंगणवाडीताईंना विचारावं. त्यांच्याकडच्या माता-बाल संरक्षण कार्डावर बाळाला कधी काय यायला हवं ते दिलेलं असतं. शिवाय राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. हाडं कमजोर असोत की नसांची अडचण, लवकर कळलं तर उपाय लवकर सुरू होतात, आणि लहान बाळाचं अंग उपचारांना छान साथ देतं. म्हणून दाखवायला लाजू नये.

आता तुमच्यासाठी एक काम. घरात नुकतं चालायला लागलेलं बाळ असेल तर अंगणात बारीक माती चाळून पसरा, खडे वेचून काढा आणि बाळाला त्यावरून चालू द्या. डाव्या-उजव्या पावलांमधलं आडवं अंतर पट्टीनं मोजा. पाऊल पूर्ण उमटलंय का, की मधला भाग तुमच्या पावलासारखा कोरा राहिलाय? बाळाच्या तळव्याखाली चरबीची गादी असते, त्यामुळे ते बहुधा पूर्णच उमटेल. शेजारी तुमचं पाऊल उमटवा. सगळं वहीत तारखेसकट लिहा आणि दर महिन्याला हेच पुन्हा करा. पावलांमधलं अंतर कोणत्या महिन्यात कमी व्हायला लागलं, ते आम्हाला कळवा.