सोनेरी आकाश आणि पुसलेली राणी

इराणी लघुचित्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भिंतीवर टांगलेली सुबक चौकट येते. पण ही चित्रे भिंतीसाठी नव्हतीच. ती पोथीच्या पानांत मिटलेली असत. ओळी वाचाव्यात, पान उलटावे आणि मग चित्रात शिरावे, अशी ती रीत. फिर्दौसीचा ‘शाहनामा’ किंवा निजामीच्या प्रेमकथा यांसारख्या ग्रंथांसाठी तब्रीझ, शिराझ आणि हेरात येथील दरबारी किताबखान्यांत ही कला चौदाव्या ते सोळाव्या शतकात बहरली. हेरातचा बिहजाद हा तिचा सर्वांत नावाजलेला चितारी.

पोथी एकट्याच्या हातची नसे. कोणी कागद अकीकाच्या दगडाने घोटून गुळगुळीत करी, कोणी अक्षरे लिही, कोणी चित्र काढी, तर कोणी सोन्याची वेलबुट्टी भरी. बदख्शानच्या खाणीतल्या दगडापासून लाजवर्दी निळा मिळे. हिंगूळ, हरताळ, जंगाल हेही दगडाधातूंचे रंग. म्हणूनच चारशे-पाचशे वर्षे उलटली तरी ते ताजे दिसतात.

या चित्रांत सावली नसते. दूरचा माणूस लहान दिसत नाही, तो पानावर वरच्या बाजूला असतो, एवढेच. क्षितिज उंच आणि आकाश पुष्कळदा सोन्याचे. एकाच चित्रात महालाची भिंतही दिसते आणि आतला गालिचाही. चिताऱ्याला हे जमत नव्हते असे नाही. एका ठिकाणी उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांना काय दिसते, हे त्याला सांगायचेच नव्हते. गोष्टीतले जे महत्त्वाचे, ते सगळे स्वच्छ उजेडात दिसले पाहिजे, हा त्याचा नियम. चित्रात कोण आहे आणि तो कोठे बसला आहे, यालाच अर्थ होता.

या नियमाचे बळ पाहायला इराणात जावे लागत नाही. पनवेलपासून फार लांब नसलेले चौल हे त्या काळी मोठे बंदर. होर्मुझमार्गे निघालेला रशियन प्रवासी निकितिन १४६९च्या सुमारास चौललाच उतरला आणि तेथून घाट चढून जुन्नरला गेला. याच वाटांनी घोडे, व्यापारी, विद्वान आणि पोथ्याही दख्खनमध्ये आल्या. १४९०मध्ये मलिक अहमदने निजामशाही स्थापली. त्याच्या घराण्याचे मूळ पाथरीच्या ब्राह्मण कुळकर्ण्यांत सांगतात. त्याचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा याच्या दरबारी इराणचा शाह ताहिर हा विद्वान मानाने राहिला. कागद, कलम, शाई हे शब्द आपल्या मराठीत फारसीच्या संगतीनेच रुळले.

त्या अहमदनगरची, म्हणजे आजच्या अहिल्यानगरची, एक सचित्र फारसी पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. नाव ‘तारीफ-इ-हुसेनशाही’. आफताबी नावाच्या कवीने हुसेन निजामशहाच्या स्तुतीसाठी ती रचली. १५६५मधील तालिकोटची लढाई आणि रामरायाचा शिरच्छेद तिच्यात रंगवलेला आहे. मूळच्या १४ चित्रांपैकी १२ शिल्लक आहेत. मंडळाने १९८७ साली ही पोथी अनुवादासह प्रसिद्ध केली.

या चित्रांतले उंच क्षितिज आणि सोनेरी आकाश इराणी वळणाचे आहे. त्याखाली वावरणाऱ्या बायका मात्र आपल्याकडच्या. अंगात चोळी, पाठीवर गोंडे लावलेली लांब वेणी आणि अंगाभोवती वळसा घेतलेला पदर. एका चित्रात सुंदर स्त्रीच्या स्पर्शाने झाड फुलते आहे. हा ‘दोहद’ संस्कृत काव्यातला. कालिदासाच्या मालविकेनेही अशोकाला असाच फुलवला होता. फारसी पोथीच्या पानावर तो सहज येऊन बसला आहे.

पण या पोथीची खरी नवलाई म्हणजे राणी. आफताबीने राणी खुंझा हुमायूनचे भरभरून वर्णन केले आहे आणि चिताऱ्याने तिला राजाच्या शेजारी, खुद्द सिंहासनावर बसवले आहे. मुसलमानी दरबाराच्या चित्रांत हे फारच दुर्मीळ. ही खुंझा म्हणजे पुढे अहमदनगरचा किल्ला लढवणाऱ्या चांदबिबीची आई. १५६५मध्ये हुसेनशहा वारला, मुलगा मुर्तझा लहान होता, आणि राज्याचा कारभार तिने हाती घेतला. १५६९च्या सुमारास त्याच मुलाने तिला कैदेत टाकले.

आज ही चित्रे निरखली तर काही ठिकाणी राजाशेजारची जागा खराब झालेली दिसते. तेथे राणीची आकृती पुसून, वर रंग फासून झाकली आहे. तिची सत्ता गेल्यावर हे झाले असावे, असा अभ्यासकांचा तर्क आहे. ज्याने हे केले त्याला चित्राची भाषा पक्की कळत होती. सिंहासनावर बसलेली राणी ही नुसती शोभा नव्हती, तो सत्तेवरचा हक्क होता. शोभाच असती, तर ती पुसण्याचे कष्ट कोणी कशाला घेतले असते?

पुसणाऱ्याचा हात मात्र पुरता चालला नाही. काही पानांवर तिची आकृती अजून ओळखता येते, आणि आफताबीच्या ओळींत तर ती आहेच. लघुचित्र पाहताना रंगांची वाहवा जरूर करावी. पण त्याआधी कोण कोठे बसले आहे ते पाहावे, आणि कोणाची जागा रिकामी आहे तेही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)