निवड, कृपा आणि एक जुना वाद
नव्या करारातील इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात, तिसऱ्या वचनापासून चौदाव्यापर्यंत, मूळ ग्रीक भाषेत एकच अखंड वाक्य आहे. देवाने विश्वासणाऱ्यांना ख्रिस्ताच्या ठायी सृष्टीच्याही आधी निवडले, या ख्रिस्ती सिद्धान्ताचा एक मुख्य आधार तेच वाक्य होय. परंपरेने पौलाचे मानलेल्या या पत्रातील (पत्राच्या लेखकाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत) आशीर्वाद धनधान्याचे वा संततीचे नसून पापक्षमा, देवाची लेकरे म्हणून दत्तक घेतले जाणे आणि पवित्र आत्म्याची मोहर, म्हणजे भावी वारशाचा विसार, असे आत्मिक आहेत.

खरी अडचण निवडीच्या निकषाची आहे. पाचव्या शतकात ऑगस्टिनने पेलागियसच्या मताविरुद्ध असे प्रतिपादले की कृपा, म्हणजे देवाचे अनर्जित दान, माणसाच्या पात्रतेवर अवलंबून नसते. सोळाव्या शतकात कॅल्विनने त्यातून काहींचे तारण आणि काहींचा नाश दोन्ही पूर्वनियोजित आहेत, हा कठोर, परंतु तर्काने सहज न खोडता येणारा निष्कर्ष काढला. याउलट, विश्वास कोण ठेवील हे आधीच जाणून देव निवडतो, असे आर्मिनियसचे म्हणणे होते. त्याच्या अनुयायांची मते डॉर्टच्या धर्मसभेने (१६१८-१९) फेटाळली, तरी अठराव्या शतकात जॉन वेस्लीच्या मेथडिस्ट चळवळीने तीच दिशा धरली. विसाव्या शतकात कार्ल बार्थने वादाचा रोखच बदलला: निवडलेला आणि नाकारलेला, दोन्ही ख्रिस्तच आहे, आणि इतरांची निवड त्याच्याद्वारेच होते.