चला, बेकरीच्या वासामागे!

असं समजा, की बाबांची बदली झाली, किंवा आईला नवी नोकरी लागली, आणि तुम्ही बिऱ्हाडासकट मुंबईत येऊन दाखल झालात. जुनी शाळा गेली, जुने मित्र गेले. नव्या इमारतीत शेजारच्या मुलाचं नावसुद्धा ठाऊक नाही. रस्ते सगळे सारखेच दिसतात. लोकल गाडीच्या गर्दीची भीती वाटते ती वेगळीच! अशा वेळी या अवाढव्य शहराशी ओळख करून घ्यायला सुरुवात कुठून करायची?

मी सांगू? बेकरीपासून करा!

हसू नका. मी स्वतः सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावातून मुंबईत शिक्षिका म्हणून आले. गावात बेकरी म्हणजे टपरीवरच्या बरणीतली खारी, बटर आणि टोस्ट, एवढंच मला माहीत. मुंबईत आल्यावर मात्र ध्यानात आलं, की या शहराचा इतिहास, भूगोल, विज्ञान आणि नागरिकशास्त्र असे चारही विषय बेकरीत एकाच वेळी शिकायला मिळतात. आणि फी किती? एका पावाची किंमत! वस्तीच्या जवळपास कुठे बेकरी आहे, हे कुणाला विचारावंही लागत नाही. पहाटे खिडकी उघडा, नाकच पत्ता सांगतं.

पहिला धडा : शब्दांचा

'पायानं तुडवून करतात म्हणून त्याला पाव म्हणतात,' असं तुम्हांला कुणी सांगितलंय का? माझ्या वर्गात दर वर्षी एक तरी मूल हे छातीठोकपणे सांगतं. ते साफ खोटं आहे, बरं का! पाव हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला. त्या भाषेत पावाला साधारण 'पांव' असंच म्हणतात. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा जिंकला. त्यांना भाकरी-भाताची सवय नव्हती, त्यांना पाव हवा होता. पण पीठ फुगवायला यीस्ट आणायचं कुठून? तेव्हा गोव्यात माडाची ताडी वापरून पीठ आंबवू लागले. पाव भाजणाऱ्याला तिथं 'पोदेर' म्हणतात. आजही गोव्यात सायकलला टोपली बांधून, भोंगा वाजवत पोदेर दारोदार पाव विकतो.

आणखी एक गंमत ऐका. 'बटाटा' हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडूनच आपल्याकडे आला. मिरचीही त्यांच्याच जहाजांतून आली. म्हणजे ज्याला आपण अस्सल मुंबईचा म्हणतो, त्या वडापावाचा अर्धाअधिक संसार साता समुद्रांपलीकडून आलेला! हा वडापाव १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी विकायला सुरुवात केली, असं सांगितलं जातं. पाव बाहेरून आला, बटाटा बाहेरून आला, आणि दोघं मिळून पक्के मुंबईकर झाले. नव्या शाळेत बावरून बसलेल्या मुलानं हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

दुसरा धडा : माणसांचा

मुंबईत पाव भाजायला गोव्याची माणसं आली, तशीच इराणातूनही आली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इराणातल्या यझ्द, केरमान या भागांतून बरेच लोक मुंबईत आले. त्यांत झरथुष्ट्राला मानणारे होते, तसेच मुसलमानही होते. हातात भांडवल थोडं, भाषा परकी, ओळखीचं कुणी नाही. अगदी तुमच्यासारखीच अवस्था! त्यांनी चौकाचौकांत चहाची हॉटेलं आणि बेकऱ्या काढल्या. तीच ही 'इराण्याची हॉटेलं'.

धोबीतलावची 'कयानी अँड कंपनी' १९०४ साली सुरू झाली. मरीन लाइन्स स्टेशनापासून ती चालत जाण्याच्या अंतरावर आहे. १९१४ साली ग्रँट रोड स्टेशनाजवळ निघालेलं 'बी. मेरवान' तर मावा केकसाठी साऱ्या शहरात प्रसिद्ध झालं. संगमरवरी टेबलं, काळ्या लाकडाच्या वाकवलेल्या पाठीच्या खुर्च्या, भिंतींवर मोठाले आरसे आणि गल्ल्याजवळ बिस्किटांनी भरलेल्या काचेच्या बरण्या, हे या हॉटेलांचं रूप. अशी हॉटेलं आता फार थोडी उरली आहेत. म्हणून घरच्या मोठ्यांना लाडीगोडी लावून एकदा तरी जाऊन याच.

तिथं गेलात, की 'ब्रून मस्का' मागवा. ब्रून म्हणजे बाहेरून कडक आणि आतून मऊ पाव. मस्का म्हणजे लोणी. तो चहात बुडवून खायचा. कुणी तुमच्याकडे बघून हसणार नाही, कारण शेजारच्या टेबलावरचे कोट घातलेले आजोबाही तेच करत असतात.

आज आपण हे इतक्या सहज करतो. पण पुण्यात १८९० साली काय झालं होतं, ठाऊक आहे? पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला गावातली मोठमोठी मंडळी गेली होती. लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. तिथं चहा-बिस्किटं समोर आली. झालं! परधर्मीयांच्या घरचा चहा घेतला म्हणून केवढा गहजब उडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि प्रायश्चित्तं घ्यावी लागली. एका कपभर चहापायी! आज एकाच टेबलावर चार धर्मांची माणसं बसून पाव बुडवतात आणि एकमेकांचं नावही विचारत नाहीत. हा बदल आपोआप झाला नाही, दोस्तांनो. कुणीतरी पहिल्यांदा धीर केला, म्हणून झाला.

सणांच्या दिवसांत तर बेकरी म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडरच! नाताळात वांद्रे आणि माहीमकडच्या बेकऱ्यांत प्लम केक येतात. गुड फ्रायडेला वर क्रूसाची खूण असलेले गोड बन मिळतात. ईस्टरला बदामाच्या आणि साखरेच्या लगद्याची रंगीत अंडी मांडलेली दिसतात. काचेबाहेर उभं राहून बघायला पैसे पडत नाहीत!

तिसरा धडा : विज्ञानाचा

पाव फुगतो कसा? पिठात यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव घालतात. ते पिठातली साखर खातात आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात. मैदा पाण्यात मळला, की त्यात ग्लुटेनची चिवट, ताणली जाणारी जाळी तयार होते. वायू त्या जाळीत फुग्यासारखा अडकून बसतो. पाव कापल्यावर जी लहान लहान भोकं दिसतात, ती या वायूची घरं.

घरी करून बघा. एका बाटलीत अर्धा पेला कोमट पाणी घ्या. त्यात एक चमचा साखर आणि एक चमचा कोरडं यीस्ट घालून हलवा. बाटलीच्या तोंडावर फुगा चढवा आणि बाटली उबदार जागी ठेवा. तासाभरात फुगा आपोआप ताठ उभा राहू लागेल. पाणी उकळतं मात्र घेऊ नका. यीस्ट जिवंत असतं, उकळत्या पाण्यात ते मरून जाईल.

आता सांगा, लादीतले पाव एकमेकांना का चिकटलेले असतात? पिठाचे गोळे पत्र्याच्या ट्रेमध्ये जवळ जवळ मांडतात. ते फुगले, की शेजाऱ्याला टेकतात आणि तसेच भाजले जातात. म्हणून लादी पावाच्या बाजू मऊ राहतात. ब्रूनचे गोळे मात्र लांब लांब ठेवतात. त्यांना चहूबाजूंनी आच लागते, म्हणून ते कडक होतात. खारीचे पापुद्रे सुटतात, कारण पिठाच्या घड्यांमध्ये स्निग्ध पदार्थ थापलेला असतो. भट्टीत पाण्याची वाफ होते आणि ती एकेक घडी उचलून धरते. टोस्ट तर दोनदा भाजतात. 'बिस्किट' या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थही 'दोनदा भाजलेलं' असाच आहे.

चौथा धडा : धुराचा

आता जरा गंभीर गोष्ट. ती सांगितली नाही, तर हा लेख अर्धाच राहील.

तुम्ही सकाळी सहाला पाव आणता, तेव्हा तो करणारा माणूस रात्रभर जागलेला असतो. बेकरीतले पुष्कळ कामगार उत्तर प्रदेशासारख्या दूरच्या राज्यांतून आलेले असतात. म्हणजे तेही नवखेच! माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे वडील भट्टीवर कामाला होते. दिवसा ते झोपत, म्हणून एका खोलीच्या घरात तो मोठ्यानं कविता म्हणत नसे. शाळेत मात्र त्याचा आवाज सगळ्यांत खणखणीत! कारण विचारलं, तेव्हा म्हणाला, "बाई, घरी साठवून ठेवतो." पाव स्वस्त मिळतो, त्यामागं अशी कितीतरी घरं दबक्या आवाजात बोलत असतात.

मुंबईतल्या अनेक बेकऱ्यांत परंपरेनं लाकडाची भट्टी असते. लाकूड महाग, म्हणून पुष्कळदा मोडक्या फर्निचरचं भंगार लाकूड जाळलं जातं. त्याला रंग, पॉलिश, गोंद लागलेला असतो. तो धूर अधिकच वाईट. धुरातले काही कण २.५ मायक्रोमीटरपेक्षाही लहान असतात. म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढे! ते नाकातल्या केसांना दाद देत नाहीत, थेट फुप्फुसात खोलवर जातात.

म्हणून मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं, की लाकूड आणि कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅससारख्या स्वच्छ इंधनाकडे वळावं. त्यावर बेकरीवाले म्हणाले, भट्टी बदलायला मोठा खर्च येतो, जुन्या इमारतींत जागा नाही, पाव महागेल, चवही बदलेल. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. वडापाव खाऊन दिवस काढणाऱ्या माणसाला एकेक रुपया मोलाचा असतो.

मग खरं कोण? मला विचाराल, तर फुप्फुसं आधी. कारण तो धूर सगळ्यांत जास्त गिळतो, तो भट्टीच्या तोंडाशी उभा असलेला माणूस. पण एका लहान बेकरीवाल्यानं सगळा भार एकट्यानं उचलावा, हेही न्यायाचं नाही. हवा सगळ्यांची आहे, तर खर्चाला हातभारही सगळ्यांनी लावायला हवा. तुम्हांला काय वाटतं? घरी जेवताना हा विषय काढा. वाद घाला, पण समोरच्याचं ऐकूनही घ्या.

नवख्यांसाठी चार सूचना

१. बेकरीत जाऊन नुसतं "पाव द्या" म्हणू नका. लादी पाव हवा, ब्रून हवा की स्लाइस, ते सांगा. लादी किती पावांची, तेही विचारा. "काका, ताजी लादी कधी निघते?" या एका प्रश्नानं ओळख होते. समोरचे चाचा हिंदीत बोलले, तर मोडक्यातोडक्या हिंदीत उत्तर द्या. त्यांचंही मराठी सुरुवातीला मोडकंच होतं!

२. पाकीटबंद वस्तू घेताना पाकीट उलटून वाचा. कधी बनवली, कधीपर्यंत खायची, परवाना क्रमांक चौदा आकडी आहे ना, ते बघा. चौकटीतला हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. चौकटीतला तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. केकमध्ये अंडं असेल, तर हा त्रिकोणच असतो. पूर्वी पाव फुगवायला पोटॅशियम ब्रोमेट नावाचं रसायन वापरत. ते आरोग्याला घातक ठरू शकतं, म्हणून २०१६ साली आपल्या देशात त्यावर बंदी आली. एकानं पाकीट वाचलं, की दुकानदारही सावध होतो.

३. मैद्याचे पदार्थ रोज पोटभर खायचे नसतात. ओळख वाढवायची आहे, वजन नव्हे!

४. एक 'बेकरी-वही' करा. बेकरीचं नाव, कधी सुरू झाली, काय खाल्लं, कुणाशी बोललात, भट्टी लाकडाची की गॅसची, हे सगळं लिहा. शेवटच्या पानावर आपल्या भागाचा नकाशा काढा आणि प्रत्येक बेकरीसाठी एक ठिपका द्या.

पाच-सहा ठिपके झाले, की बघा. त्यांना जोडणारे रस्ते तुम्हांला तोंडपाठ झालेले असतील. कोपऱ्यावरचा पानवाला ओळखीचा झाला असेल, बेकरीवाले चाचा तुम्हांला नावानं हाक मारत असतील. आणि तुमच्यानंतर वर्गात आणखी एखादं नवं मूल येईल, मागच्या बाकावर गप्प बसून राहील. त्याला तुमची वही दाखवा, आणि मधल्या सुट्टीत आपल्या ब्रूनचा अर्धा तुकडा मोडून द्या.