जालन्यातली जहाजबांधणी : एका दिवसाचं वेळापत्रक

पहाटे ५.३०

मे महिन्यात जालन्यात रंगकाम करायचं तर सूर्याच्या आधी उठावं लागतं. आठनंतर पत्रे तापले की अ‍ॅक्रिलिक रंग ब्रशवरच वाळायला लागतो आणि जहाजाच्या अंगावर ओरखडे उमटतात. म्हणून पहिले दोन तास रंगाचे.

सध्या टेबलावर ‘कटी सार्क’ आहे. एअरफिक्सचा १/१३० प्रमाणाचा प्लास्टिकचा संच. चहा वाहणारं हे शिडाचं जहाज १८६९ साली स्कॉटलंडमधल्या डंबार्टनला बांधलं गेलं आणि १९५४ पासून लंडनच्या ग्रीनिचमध्ये कोरड्या गोदीत उभं आहे. पाण्यावाचून दिवस काढणारे काही आम्ही जालनेकरच नाही.

वरचं अंग काळं, पाण्याखालचं पितळी. मूळ जहाजाच्या तळाला तांब्या-जस्ताच्या मिश्रधातूचे पत्रे होते. लाकडाला किडे आणि शिंपले लागू नयेत म्हणून. आधी पितळी रंग, तो वाळल्यावर चिकटपट्टी, मग काळा. पट्टीची रेघ डोळ्यांच्या अंदाजाने मारायची नाही. लाकडी ठोकळ्यावर ठराविक उंचीला पेन्सिल बांधायची आणि ठोकळा सपाट काचेवरून जहाजाभोवती फिरवायचा. आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना मार्किंग शिकवण्यात नोकरीची वर्षं गेली, तीच विद्या इथे उपयोगी पडते.

सकाळी ८

आज नळ आलाय. आमच्याकडे तो रोज येत नाही, त्यामुळे सुटे भाग धुवायचा मुहूर्त नळ ठरवतो. साच्यातून भाग सुटून यावा म्हणून कारखान्यात लावलेला तेलकट थर प्लास्टिकवर राहतो आणि त्यावर रंग धरत नाही. भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात भागांसकट सगळ्या चौकटी बुडवायच्या, दातांच्या जुन्या ब्रशने घासायच्या आणि चाळणीवर निथळायला ठेवायच्या. चाळणी यासाठी की मोरीत गेलेला नांगर परत मिळत नाही. उरलेल्या पाण्याने ओटा धुतला जातो. सुकवायचं मात्र सावलीत. उन्हाने तापलेल्या पत्र्यावर बारीक भाग वाकडे होतात.

सकाळी ९

चहा झाला की दोरकाम. हे पंखा बंद ठेवूनच करावं लागतं, नाहीतर धागा उडतो. म्हणून ऊन चढायच्या आत.

शिडाच्या जहाजाचं खरं काम हेच. खऱ्या ‘कटी सार्क’वर सुमारे १८ किलोमीटर दोर होता. आधी डोलकाठ्यांना ताणून उभं धरणारे स्थिर दोर, ते काळे. मग शिडं हलवणारे, ते फिकट. खालून वर आणि आतून बाहेर. हा क्रम मोडला की पुढच्या गाठीला चिमटा पोचत नाही.

इथे प्लास्टिक दगा देतं. दोर ताणला की वरची बारीक डोलकाठी वाकते. मग तिथलं प्लास्टिक काढून त्या जागी सायकलचा स्पोक बसवायचा. २ मिलिमीटर जाड, सरळ आणि ताठ. जालना सळ्यांच्या कारखान्यांचं गाव, पण माझ्या कामाची सळई सायकलवाल्याकडेच मिळते. टोकाकडे निमुळता करायला कानस आहेच.

धाग्याची जाडी हिशेबाने घ्यायची. पाव मिलिमीटरचा धागा या प्रमाणात साधारण ३२ मिलिमीटरचा दोर होतो. खलाशी चढायचे त्या दोरशिडीच्या पायऱ्यांना याहून बारीक हवा, आणि दोन पायऱ्यांत ३ मिलिमीटर अंतर. धागा मेणावरून ओढला की त्याचे तंतू बसतात. गाठीवर पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचा थेंब पुरे. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने धागा कडक होऊन तुटतो.

दुपारी १२

आता हत्यारं खाली. कूलरसमोर जेवण, वामकुक्षी, मग वाचन. समुद्र चारशे किलोमीटर लांब, तुम्हाला हे कुठून सुचलं, असं पाहुणे विचारतात. मी त्यांना अजिंठ्याला जायला सांगतो. भोकरदन-सिल्लोडवरून सकाळी निघालं तर संध्याकाळी परत येता येतं. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात पाचव्या शतकातलं तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलेलं आहे. त्या चित्रावरून नौदलासाठी ‘कौंडिण्य’ नावाचं जहाज बांधलं गेलं. फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याने शिवलेल्या. मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात आलं. वाटेवरचं भोकरदन म्हणजे सातवाहनकाळातलं भोगवर्धन. तिथे उत्खननात सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचं इटलीतल्या पाँपेईच्या मूर्तीशी साम्य आहे. डोंगराआडच्या या मुलखाचा माल आणि नजर समुद्रापार पोचलेली होती. लांबच्या गावाने जहाज नीट बघितलं, एवढंच त्याला पुरलं.

दुपारी ४.३०

दहावीची परीक्षा झालेला भाचा येतो. त्याला ‘व्हिक्टरी’ हवी आहे. नेल्सनचं ट्रफाल्गरचं जहाज, हेलरचा १/१०० चा संच, दोन हजारांवर भाग.

“मामा, हाच घेऊ. एकदाच काय ते मोठं.”

“ठेवणार कुठं?”

तो कपाटाकडे बघतो. मी त्याला भागाकार करायला लावतो. खऱ्या जहाजाची लांबी भागिले प्रमाण, पुढे आलेल्या काठीसह. उत्तर मीटरभर येतं. त्यावर काचेची पेटी हवी, कारण इथली धूळ दोरांत बसली की निघत नाही.

संच निवडताना मी चार गोष्टी बघतो. जागा ही पहिली. दुसरी डोलकाठ्या : एक वाढली की काम दुपटीने वाढतं. तिसरी साचा. जुनेच साचे नव्या झगझगीत खोक्यात पुन्हा येतात, आणि झिजलेल्या साच्यातल्या भागांना कडेने पापुद्रे असतात; खोक्यावरचं चित्र बघून घेऊ नये, उघडलेल्या संचाचे फोटो बघावेत. चौथी शिडं. प्लास्टिकची शिडं या प्रमाणात पुठ्ठ्यासारखी जाड दिसतात, तेव्हा शिडं गुंडाळलेली किंवा काढलेली चालतील का, हे आधीच ठरवावं.

भाच्याला मी रेव्हेलचं व्हायकिंग जहाज सुचवतो. एक डोलकाठी, एक शीड, मोजके दोर. त्याचं तोंड उतरतं, पण यादीत नाव लिहून घेतो.

संध्याकाळी ६.३०

ऊन उतरलं की माझं स्वतःचं काम. संचांच्या दुनियेत इंग्रज, फ्रेंच, स्पॅनिश जहाजांची गर्दी. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांच्या हाताखाली सागवानात बांधलेलं आणि १८१७ साली पाण्यात उतरलेलं ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतं, पण तेही ब्रिटिश नौदलाचंच. कान्होजी आंग्र्यांचा गुराब, म्हणजे त्यांचं लढाऊ जहाज, हवा तर प्लास्टिकच्या कोऱ्या पत्र्यातून तो आपणच कापायचा.

आधार अठराव्या शतकातल्या इतिहासकार रॉबर्ट ऑर्मच्या वर्णनाचा. गुराबाला बहुधा दोन डोलकाठ्या, फार तर तीन. दोनवाला दीडशे टनांच्या आसपास, तीनवाला तीनशेच्या. मधे रुंद, पुढे निमुळता, आणि नाळ लांब बाहेर आलेली. पुढच्या आडभिंतीतून नाळेवरून मारा करणाऱ्या दोन तोफा. गलबत त्याहून लहान, वल्ह्यांचं. वारा पडला की तेच गुराबाला ओढून न्यायचं. आज आडव्या फासळ्या कापून झाल्या. लाईट गेली तरी मोबाईलच्या उजेडात कानस चालते.

रात्री ९

ब्रश धुणं, कटरचं पातं झाकणं, गोंदाची झाकणं घट्ट करणं. प्लास्टिक विरघळवून जोडणारा पातळ गोंद या हवेत उघडा राहिला तर सकाळपर्यंत उडून जातो. जहाजावर काचेची पेटी उपडी घालायची.

ज्यांना सुरुवात करायची आहे, त्यांना एकच सांगणं. पुरं होईल तेवढंच जहाज घ्या. अर्धवट ‘व्हिक्टरी’पेक्षा पूर्ण झालेली एका डोलकाठीची होडी जास्त शिकवते. आणि हात बसला की एखादा गुराब जरूर बांधा. आपल्या आरमाराचं ते देणं आहे.